सतीशचा एकदम नॅचरल पॅच

आमच्या नोएडाच्या मेहुण्याचं, सतीशचं, सांगितलं का तुम्हाला? मुलीच्या साखरपुड्याआधी तो टकलावर केसांचा पॅच बसवायला गेला. धाकधूक एकच, व्याह्यांना कळलं तर हसं होईल.

सलूनवाल्यानं पॅच चिकटवला. "देखिए सर, बिल्कुल नॅचरल!"

सतीश आरशात बघून घाबरला. "यार, इस उमर में इतने बाल? कम करो."

त्यानं केस विरळ केले.

"माथा और चौडा करो."

त्यानं पुढचे केस काढले.

"अब बीच में भी थोडा..."

तिथलेही गेले. आता मात्र कुणाच्या बापाला कळणार नाही, अशा खुशीत सतीश घरी आला. त्याच्या बायकोनं दार उघडलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "अहो, सलून बंद होतं का?"