जयाबाईचं प्रकरण

विनोदिनी: असा चष्मा वर-खाली करून काय होणार, अहो? थांबा. कॉम्प्युटरवर ही दुसरी खिडकी उघडते. काल खासबागेत छापखान्यात गेलते ना, तिथल्या सौम्यानं शिकवलं. ह्यात पान नाही, फोटो नाही, नुसता मजकूर. अक्षरं पाहिजे तेवढी मोठी करायची. इथं दुरुस्त केलं की तिकडं पानावर आपोआप होतं.

श्रीपाद: मग पुस्तकातली अक्षरं पण... एवढी?

विनोदिनी: ती आहेत तेवढीच राहतात. ही फक्त तुमच्या डोळ्यांसाठी. दिसतंय आता?

श्रीपाद: दिसतंय की. लई बरं दिसतंय. इतके दिवस नुसत्या मुंग्या बघत बसलोय मी. तू म्हणायचीस बरोबर आहे, मी म्हणायचो बरोबर.

विनोदिनी: वाचा मग. तुमच्या आठवणींतलं जयाबाईचं प्रकरण तेवढं झालं की मी जरा पडते. कंबर धरलीय.

श्रीपाद (पडद्यावरचं वाचत): "निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून काढून टाकलेली जयाबाई माझ्याकडं आली, तेव्हा माझी वकिली नवी होती." बरोबर. "दावा हरलो. कोर्टाच्या पायरीवर तीच माझी समजूत घालत राहिली." बरोबर. "घरी आलो आणि न्हाणीघरात जाऊन रडलो." ... हे कुणी लिहिलं?

विनोदिनी: तुम्हीच की.

श्रीपाद: न्हाय. मला शब्द सापडत नसतील. पण मी काय बोललो नाही, ते कळतं मला.

विनोदिनी: जाऊ द्या ना आता.

श्रीपाद: विनोदिनी, मी विचारतोय.

विनोदिनी: मी लिहिलं. सांगता सांगता "घरी आलो आणि" म्हणून थांबलात तुम्ही. लकवा होऊन थोडेच दिवस झालते. मी किती वेळ तशीच बसले. तुम्हाला झोप लागली. वाक्य काय अर्धं सोडायचं होतं?

श्रीपाद: साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नसतात. जन्मभर हरकत घेत आलो ह्याला. आणि माझ्याच घरात... आणखी कुठं कुठं घातलंस?

विनोदिनी: जिथं जिथं थांबलात तिथं. तुमचं कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं, मलाच कळेना झालंय. दमलेय हो मी. सकाळी तुमचे व्यायाम, दुपारी छापखान्याची फेरी, आणि नंतर तुमच्या तोंडानं 'मी, मी' लिहीत बसायचं. अख्ख्या पुस्तकात मी कुठं आहे? दोनदा 'सौ.' आणि एकदा 'घरची मंडळी'.

श्रीपाद: ते वाक्य काढ.

विनोदिनी: काढते.

श्रीपाद: मी रडलो नव्हतो.

विनोदिनी: बरं.

श्रीपाद: बरं काय? तोंड धूत होतो. नळ चालू होता.

विनोदिनी: त्या दिवशी नळाला पाणी आलंच नव्हतं.

श्रीपाद: पाणी नव्हतं?

विनोदिनी: नुसताच फिरवून ठेवलात तुम्ही. मी बाहेर उभी होते, टॉवेल घेऊन.

श्रीपाद: किती वेळ?

विनोदिनी: तुम्ही आत होता तेवढा वेळ. कडी वाजली तशी स्वयंपाकघरात गेले. भात टाकायचा होता.

श्रीपाद: कधी बोलली नाहीस.

विनोदिनी: तुम्ही तरी कुठं बोललात? ... काढलं बघा. "घरी आलो" एवढंच ठेवलंय. चालेल?

श्रीपाद: परत घाल.

विनोदिनी: काय?

श्रीपाद: रडलो. ते घाल. आणि त्याच्यापुढं मी सांगतो ते लिही. "बाहेर... बाहेर..."

विनोदिनी: पुढं?

श्रीपाद: अगं, सांग की.

विनोदिनी: नाही. हे तुम्हीच सांगायचं. बसलेय मी.

श्रीपाद: "बाहेर विनोदिनी... ते अंग पुसायचं... ते घेऊन..." थांब. थांब. "बाहेर विनोदिनी टॉवेल घेऊन उभी होती." लिहिलंस?

विनोदिनी: लिहिलं. पण ओळ वाढली हो. तिकडं त्या पानावर तुमच्या सत्काराचा फोटो आहे. तो पुढच्या पानावर जाईल.

श्रीपाद: जाऊ दे.