हाक न देता घेतलेला गडी

या, जरा जवळ सरका, कानावर पडलेली एक गोष्ट सांगतो. फिजिओथेरपिस्टच्या दाराशी बास्केटबॉल संघातले दोघे बसले होते. उंच दादाच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. ठेंगणा नुसता सोबतीला आला होता.

"कालच्या सामन्यात मी 'स्विच' ओरडलोच नव्हतो. त्या हाकेशिवाय आपण अडवायचे गडी बदलायचे नाहीत, ठरलंय ना? मग मी अडवत होतो तो समोरचा गडी तू का घेतलास?"

"दादा, तो तुला चकवून पळालाच होता. तुझा पाय उचलत नव्हता."

"आणि तुझा गडी मोकळा सुटला. त्यानेच शेवटची बास्केट मारली."

"मारू दे की."

"शहाणाच आहेस! कोच म्हणतो, ठेंगण्याला बचाव कळत नाही, पुढच्या हंगामात नको."

"तू गप्प राहा. गुडघ्याचं कळलं तर तुलाच घरी बसवतील."

"म्हणूनच तर ओरडलो नाही रे, हाक दिली असती तर कोचला गुडघ्याचं कळलं असतं."

"माहितेय मला."

"फोन दे इकडे. कोचला लावतो, गुडघ्याचं खरं सांगून टाकतो."

"दादा, नको ना!"

"काल माझा गडी तू घेतलास, आज तुझा मी घेतो. स्विच! ऐकू आलं ना? आता फोन सोड."

देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या दुखऱ्या गुडघ्याच्या दादाची आठवण असू द्या.