गवतामुळे हरलो म्हणे!

…आणि वर मलाच विचारतात, "काका, गवत नक्की किती मिलीमीटर होतं?" अरे, पहिल्याच मॅचला पाच गोल खाल्लेत तुम्ही! पाच! त्यातला एक तर आपल्याच गोलकीपरनं आपल्याच हातानं आत ढकलला, तिथं गवत काय करणार होतं, त्याचा हात धरून "नको रे बाबा" म्हणणार होतं? तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षं मी या फुटबॉल क्लबचं मैदान सांभाळतोय, माळी म्हणा, मैदानवाला म्हणा, पोरं काका म्हणतात, पण गवताची एवढी बदनामी मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती, जेवढी या एका हंगामात ऐकली. वीट आला हो, अक्षरशः वीट!

हंगामाच्या सुरुवातीला नवा कोच आला. माझ्या थोरल्या मुलीच्या वयाचा, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात दोन शिट्ट्या… दोन कशाला, देव जाणे! पहिली मॅच हरला. आला माझ्याकडे, "काका, गवत उंच आहे, बॉल पळत नाही." म्हटलं बरं साहेब, कापलं. दुसरी हरला. "काका, गवत फार बारीक झालं, बॉल थांबतच नाही." वाढवलं. तिसरीच्या आधी पाणी मारलं तर निसरडं, चौथीच्या आधी नाही मारलं तर कोरडं, आणि पाचवी मॅच तर परगावी होती, दुसऱ्याच्या मैदानावर, मी इथं घरात पंख्याखाली पडलेलो, म्हटलं आज तरी सुटलो! कसला सुटतोय? सोमवारी हा दत्त म्हणून उभा, "काका, आपल्या गवताच्या सवयीमुळे पोरांना तिथं खेळता आलं नाही." म्हणजे बघा! दोनशे मैलांवर जाऊन हरले, आणि खापर कुणावर? गवतावर!

बरं, कोच एक झाला, कप्तानाची तऱ्हाच वेगळी. केसांची तुऱ्यासारखी रचना, बुटांचा रंग दर आठवड्याला नवा, चेंडू मात्र तोच, आणि तोही याच्या पायाशी राहील तर शपथ. याला पेनल्टी मिळाली. समोर फक्त गोलकीपर, बारा पावलांवर. यानं मारला… तो बॉल गेला प्रेक्षकांच्या डोक्यांवरून, भिंतीवरून, थेट गाड्या लावतात तिथं, आणि क्लबच्या मालकाच्या गाडीची काच फोडून आत जाऊन बसला, मागच्या सीटवर, साहेबासारखा! आणि आमचा कप्तान काय करतोय? खाली वाकलाय. गवताकडे बघतोय. पायानं एक ढेकूळ दाबतोय, मान हलवतोय, सगळ्या जगाला दाखवतोय की बघा बघा, इथं उंचवटा होता! अरे मेल्या, तिथं उंचवटा नव्हता, तुझ्या पायात उंचवटा आहे! मी कडेला उभा, हातात पाण्याचा पाइप, आणि शप्पथ सांगतो, एकदा वाटलं सोडावा त्याच्या त्या तुऱ्यावर.

तुम्ही म्हणाल, काका, एवढं काय त्या गवताचं? अहो, एकदा बुरशी लागली होती त्याला. पिवळे चट्टे, एका रात्रीत ताटाएवढे. आठ दिवस मी घरी जेवायला गेलो नाही, गुडघ्यांवर बसून एकेक चट्टा खरवडून काढत होतो. बायको डबा घेऊन मैदानावर आली आणि म्हणाली, "अहो, मला ताप आला होता तेव्हा एक दिवस रजा नाही घेतलीत!" बरोबर होतं तिचं, मी कुठं नाही म्हणतो? पण तिला डॉक्टर होता हो. गवताला कोण होतं?

आणि अशा गवतावर मालक येऊन उभा राहिला. हंगाम संपायला महिना, आम्ही तळाशी, आणि तळाचे क्लब खालच्या लीगमध्ये जातात, तिथं ना टीव्ही, ना जाहिराती, ना धड प्रेक्षक. मालकाचा धंदा बाथरूमच्या फरश्यांचा. तो जगाकडे फरशी म्हणूनच बघतो. बुटाच्या टोकानं माझं गवत उकरलं आणि म्हणाला, "खाली गेलो ना, तर हे सगळं उपटून प्लास्टिकचं टाकतो. एकदा बसवलं की दहा वर्षं बघायला नको, आणि संध्याकाळी ऑफिसवाल्यांना तासावर खेळायला देता येतं." प्लास्टिक! मैदानावर! म्हणजे पोरांनी लीगमध्ये टिकायचं की नाही हा प्रश्न आता पोरांचा राहिलाच नाही, तो माझा झाला. टिकलो तर गवत राहील. पडलो तर गवत उपटणार. आणि वाचवणार कोण? तो तुरेवाला!

तर शेवटची मॅच. आपल्याच मैदानावर. गणित सोपं, बरोबरी केली तर वाचलो, हरलो तर गेलो. जिंका असं कुणी म्हणतच नव्हतं हो, फक्त हरू नका! पंधरा दिवस आधीच कोचनं मला खोलीत बोलावलं. भिंतीवर फळा, फळ्यावर रंगीत चुंबकं, आणि हा दोन्ही हात मागे बांधून म्हणतो, "काका, गवत हा आपला बारावा खेळाडू आहे." ऐका! वर्षभर हरामखोर होतं, आता एकदम खेळाडू! म्हणाला, समोरच्या संघात एक डाव्या बाजूनं पळणारा आहे, सगळे त्याला ससा म्हणतात, तो सुटला की कुणाच्या बापाला सापडत नाही. "तर तो ज्या कोपऱ्यातून आपल्या गोलवर येणार, कपडे बदलायच्या खोल्यांच्या बाजूचा, तेवढ्या पाव मैदानात गवत घोट्यापर्यंत वाढवा आणि वर पाणी सोडा. रुतेल साला. बाकीचं मैदान गालिचा करा."

मी म्हटलं, "साहेब, मध्यंतरानंतर बाजू बदलतात."

फळ्यावरचं एक चुंबक खाली पडलं.

"म्हणजे?"

म्हटलं, "म्हणजे ससा समोरच्या कोपऱ्यातून पळणार, गालिच्यावरून. आणि आपला कप्तान या चिखलात."

आणि हा काय म्हणाला असेल? "काका, असं निगेटिव्ह बोलू नका!" म्हटलं बरं साहेब. माझंच चुकलं, तिथंच ओरडायला हवं होतं, पण हुकूम त्याचाच ना, शिवाय मनात म्हटलं, अर्धी मॅच तरी वाचेल, उरलेल्या अर्धीचं बघू. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी मुद्दाम गवत बिघडवलं. पाइप सोडून ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिलो, मला बघवेना.

मॅचच्या आधी रेफ्री मैदान बघायला आला. तीन भाग गालिचा, एक भाग तळं. म्हणाला, "हे काय आहे?" कोच पट्कन, "माळी आजारी होता." मी शेजारी उभा, धडधाकट!

पण पहिला हाफ… काय सांगू! ससा आला सुसाट, त्या कोपऱ्यात शिरला आणि फतक्! परत आला, परत फतक्! तिसऱ्यांदा त्याचा बूटच राहिला चिखलात, पाय मोकळा बाहेर. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतायत, कोच धावत आला आणि मला मिठी मारली, "काका, तुम्ही जादूगार आहात!" मध्यंतर झालं, शून्य-शून्य. आणि शिट्टी वाजली, आणि बाजू बदलल्या. बदलणारच! फुटबॉल निघाल्यापासून बदलतायत!

आता आमचे शहाणे दर वेळी बॉल कप्तानाकडेच देतात, सवय, आणि कप्तान उभा त्या तळ्यात, घोट्यापर्यंत बुडालेला, बॉल यायचा आणि याच्यापासून दोन हातांवर गप्प बसायचा. कोचची तंतरली. मला खुणावतो, "मशीन काढा! मशीन!" म्हटलं साहेब, मॅच चालू आहे! तर यानं गोलकीपरला डोळा मारला. गोलकीपर पडला आडवा, कुणी हात लावला नव्हता हो, उभा होता तिथंच कोसळला, "आई गं, आई गं!" करत. डॉक्टर धावले, सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि इकडे कोच मला ढकलतोय, "जा काका, दोन मिनिटं आहेत!" आणि मी गेलो! लाज वाटते सांगायला, पण गेलो, पन्नाशी उलटलेला माणूस, गवत कापायचं मशीन ढकलत, भर मॅचमध्ये, वीस हजार माणसांसमोर… आणि ओलं गवत कापतं का मशीन? चार हातांवर जाऊन रुतलं! मी ओढतोय, ते हलत नाही, कप्तान म्हणतो, "काका, माझ्या बुटावर चिखल उडतोय!" आणि वर बघतो तर रेफ्री समोर उभा. लाल कार्ड. मला! सबंध हंगामात एक चेंडू पायाला लावला नाही मी, आणि लाल कार्ड!

बाहेर काढलं मला, कुंपणापलीकडे. तिथूनच बघितलं. मॅच संपायला दोन मिनिटं, पुन्हा बॉल कप्तानाकडे, पुन्हा चिखलात मेला, त्यांच्या बचावातल्या एकानं उचलून दिला सशाला. आणि ससा सुटला. माझ्या गालिच्यावरून. काय धावला हो! बॉल पायाला चिकटल्यासारखा, एक उसळी नाही, एक खळगा नाही, साठ पावलं सरळ रेघेत. तेवीस वर्षांत माझ्या गवतावर इतकं देखणं कुणी धावलं नव्हतं. माझे हात टाळ्या वाजवायला वर आले होते, खरं सांगतो, तेवढ्यात गोल झाला.

गेलो. खालच्या लीगमध्ये. मैदानात एक जण रडला, तो गोलकीपर, आणि या खेपेला खरा रडला. मी आत गेलो, तर आमचा कोच माइकसमोर बसलाय, काळा चष्मा कपाळावर, आणि गंभीरपणे सांगतोय, "पोरांनी जीव तोडून खेळ केला. दुर्दैवानं मैदान एकसारखं नव्हतं." एकसारखं नव्हतं! शी! किळस आली हो मला, माणसाच्या तोंडाची किळस! वर्षभर हे हरणार, तळं हे करायला सांगणार, आणि शेवटी खापर कुणावर? गवतावर!

पुढच्या आठवड्यात गाडी आली. एका दिवसात सगळं गुंडाळलं, मुळांसकट. मी एक तुकडा घरी नेला, बाल्कनीत कुंडीत लावला. आता बायकोच पाणी घालते त्याला.

मालकानं मला मात्र काढलं नाही. म्हणाला, जुना माणूस आहे, राहू दे. कारण ते प्लास्टिकचं गवत म्हणे खेळून खेळून चपटं होतं, रोज उभं करावं लागतं. तर आता रोज सकाळी मी दोन तास कुंचा घेऊन मैदानभर प्लास्टिकचे केस विंचरतो. आणि माझ्या डोक्याकडे बघा… इथं विंचरायला एक नाही!