रेणूताईच्या कानातला ठेका

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. दादाला तर नाहीच.

माझा दादा रेणूताईच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. अगदी साधं वाजवायचा. मित्र चिडवायचे, "राव, तू वाजवतोस की झोपतोस?" तो म्हणायचा, "माझ्याकडे लक्ष गेलं तर गाणं बिघडलं समजा."

मग तो चाकणला कंपनीत लागला, सेकंड शिफ्टमुळे सराव बुडायला लागला आणि बँडनं वाकडचा एक मुलगा घेतला. तो फार वाजवतो. रेणूताईला कडवं कुठे उचलायचं तेच कळेना.

ती मला हळूच म्हणाली, "दादाचा ठेका फोनवर घेऊन दे ना. पण नव्या मुलाला कळलं तर तो बँड सोडेल."

मी दादाला गॅदरिंगचं निमित्त सांगितलं. मी गुणगुणले आणि त्यानं दोन चमच्यांनी टेबलावर अख्खं गाणं वाजवलं.

बँडच्या कार्यक्रमाला दादा सुट्टी काढून आला आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला. रेणूताईनं केसांखाली इअरफोन लपवला होता. दादाची बोटं मांडीवर चालली होती आणि ती बरोबर त्या बोटांवर गात होती.

घरी येताना दादा म्हणाला, "नवा मुलगा चांगलं सांभाळतो तिला. आता माझी गरज नाही."

तेव्हापासून तो टेबलावरसुद्धा वाजवत नाही. जेवण झालं की चमचा गुपचूप ताटात ठेवतो.

"चिऊ, खाली ये गं."

बघा, दादाच बोलावतोय. आज मी त्याला सांगूनच टाकते, की दादा, त्या दिवशी तिच्या कानात तर