दत्तूमामाची गोळी आणि म्हाळाची खीर

(शालनमावशी बसस्टँडजवळचं सार्वजनिक शौचालय सांभाळतात. तिथल्या पायरीवर बसूनच त्यांनी हे सांगितलं. आमच्याकडं बायकाही 'मी गेलो, मी आलो' असंच म्हणतात, ते मी बदललेलं नाही. लिहिताना काही निसटलं असेल तर चूक माझी.)

माझं माहेर कागलाच्या पलीकडं, पार हद्दीजवळ. घरात शेती, म्हसरं, भावंडं ढीगभर, शाळा झाली थोडी, म्होरं कोण शिकवतंय. लगीन हून मंगळवार पेठंत आलो तवा मला शहरातलं कायबी ठावं न्हवतं, सासूनं सगळं शिकवलं. लई चांगली बाई, पण तिला शुगर. डोळं गेलं तिचं त्यात. शेवटची सगळी वर्सं गोळ्या मीच दिल्या, जेवायच्या आदी कुठली, जेवल्यावर कुठली, हाताला सवयच लागली बघ. मग सासू गेली, मालक गेलं, पोरगी नांदायला गेली, नि मी हितं येऊन बसलो. लोक नाकाला रुमाल लावून इचारत्यात, मावशी, हितं दिसभर कशी बसतीस गं? म्हणतो, पावणं, तुम्हाला यायला लागतंय म्हणून मी बसतो की, न्हाय तर कुठं जाशीला?

पण हितं बसलं की माणसाचं दुखणं कळतंय. दत्तूमामाचं मला तसंच कळलं. पाठीमागं बंद दुकानाच्या कट्ट्यावर झोपायचा, सारखा लघवीला यायचा, आत्ता गेला की परत दारात हजर. मी चेष्टा केली, काय मामा, धरण फुटलंय काय? तो हसला. मग बघितलं तर त्यो जितं लघवीला बसायचा तितं मुंग्या. सासूचं असंच हुतं. हाताला धरून दवाखान्यात नेलं, शुगर लई वाढल्याली. डॉक्टर बाई चांगली हुती, तिनं समजावलं, रोज गोळी, वेळेवर जेवण, पायात चप्पल, गोड बंद. पोरी, ज्याला चूल न्हाय त्याच्या जेवणाला वेळ कुठली? कोण दील तवा जेवायचं. नि चप्पल काढून झोपला तर सकाळी चप्पल न्हाय.

गोळ्याबी त्याच्याजवळ ऱ्हाईनात. एकदा पावसात भिजून पीठ झालं. एकदा झाडलोट करणाऱ्यांनी कचरा समजून गठुडंच उचललं, गोळ्या त्यातच गेल्या. मग मी म्हणलं, माझ्यापाशी ठेव. बिस्किटाचा पत्र्याचा डबा केला, सकाळी आला की अर्धी भाकरी नि गोळी. ते बघून आणि दोघं-तिघं आली. एक कानडी म्हातारी हुती, आज्जव्वा म्हणायचो तिला, गोळी खाऊन माझ्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची. एक दिवस आलीच न्हाय. कुणी नेली, कुठं गेली, कुणाला इचारायचं? तिच्या गोळ्या अजून डब्यात हायत, दुसऱ्याला देता येत न्हायत नि टाकवत न्हायत.

तर मामाचं सांगत हुतो. मामा म्हंजे गुळव्या. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळतो न्हवं, त्यो कवा उतरायचा, पाक झाला का न्हाय, हे बघणारा माणूस. पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघायचा, एकदा म्हणला उतरा की उतरायचं, मालकबी त्याच्या म्होरं बोलायचा न्हाय. लांबलांबनं बोलवायचे त्याला. मग लोक ऊस कारखान्याला घालाय लागलं, गुऱ्हाळं बंद पडत गेली, बायको गेली, भावाच्या घरात जागा ऱ्हायली न्हाय. आता त्याच बोटांना चहाचा पेला गरम हाय का गार, कळंना झालतं. मी म्हणायचो, जल्मभर गूळ केलास मामा, आता त्योच तुला खातोय. तर चिडायचा, ए शालन, गूळ कुणाला खात न्हाय, साखर खाती! गुळाला नाव ठेवू नगंस. चहा बिनसाखरेचा प्यायचा हं, कोण पेढा दिला तर माझ्या हातात आणून द्यायचा. पण गूळ म्हणला की त्याचं डोकंच चालायचं न्हाय.

म्हाळाचा पंधरवडा आला नि सगळं पाण्यात गेलं. पितरांना जेवू घालायचं असतंय, घरात पान वाढत्यात, कावळ्याला ठेवत्यात, नि गोरगरिबाला जेवण देत्यात. हितं गाड्या थांबत्यात. डबं उघडत्यात, वडं, भजी, नि खपली गव्हाची खीर, गूळ घालून. एक गाडी गेली की दुसरी. एकाच दिवसात मामा किती जणांचा बाप झाला असंल, देवाला ठावं. मी एका बाईला म्हणलं, ताई, ह्याला शुगर हाय, भाकरी-भाजी द्या की. ती म्हणली, अगं मावशी, म्हाळाला पितरांना भाकरी वाढू व्हय? त्यांना खीर आवडायची. तिचं तरी काय चुकलं? डोळ्यात पाणी हुतं तिच्या.

मी मामावर खेकसलो. गूळबी साखरच हाय, डॉक्टर बाईनं सांगितलंय, कळत न्हाय तुला? त्यानं वाटी खाली ठेवली. म्हणला, कळतंय की गं. पहिल्यापासनंच कळतंय. पण शालन, वर्सभर लोक मला, ए ऊठ, बाजूला सरक म्हणत्यात. ह्या पंधरा दिवसांत हात जोडून म्हणत्यात, बाबा, जेवा. हात जोडलेल्या माणसाला न्हाय कसं म्हणू, तूच सांग. त्यानं वाटी परत उचलली, बोटानं निपटून खाल्ली नि म्हणला, गूळ चोख हाय.

त्याच पंधरवड्यात अंगठ्याला उंदरानं कुरतडलं. ह्याला पत्ताच न्हाय, दुखायचं कळतच न्हवतं त्याला. मीच बघितलं, कट्ट्यावर रगत कशाचं म्हणून. मलमपट्टी केली, दवाखान्यात नेलं, पर जखम भरंना. वर प्लास्टिकची पिशवी बांधून बसायचा, माश्या येत्यात म्हणून. एक माणूस आला, वडील गेल्याचं पहिलंच वरीस असंल, त्यानं खीर दिली नि मामाच्या पायावर डोकं ठेवलं, त्या पिशवीच्या पायावर. बिचाऱ्यानं डोळं झाकल्यालं. मामानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी ऱ्हा म्हणला.

दसरा झाला नि पाय काळा पडला. गुडघ्याच्या वरनं काढला. मी रोज दवाखान्यात जायचो, डबा घिऊन. शुद्धीवर आल्यावर पयलं काय म्हणला असंल? गोळी आणलीस का? म्हणलं, हितं देत्यात की रं, येड्या. पण बरं वाटलं मला. वाटलं, आता तरी सुधारंल. बरा झाल्यावर बेघरांच्या निवाऱ्यात नेलं, चांगली खोली हुती, पण दोन दिवसांत एका रिक्षावाल्याला इनवण्या करून परत हितं आला. म्हणला, तितं मला कोण वळखत न्हाय.

आता तू बघतीसच, परत म्हाळ लागलाय. तुझ्यासमोर दोन गाड्या येऊन गेल्या. आदी सगळ्यांना वाटत फिरायचे, आता सरळ मामापाशी येत्यात. एक पाय गेल्याला माणूस, त्याला दिलं तर पुण्य जास्त लागंल असं वाटत असंल लोकांना. ऱ्हायलेल्या पायालाबी फोड आलाय, परवा बघितला मी. त्याला सांगितलं. तो म्हणला, असू दे.

मी भांडत न्हाय आता. सकाळी गोळी देतो, पाणी देतो, गिळली का तोंड उघडून बघतो, सासूचं बघायचो तसं. गोळी एकीकडं नि वाटी एकीकडं, कोण जिंकणार हे मला दिसतंय की, मी काय आंधळी हाय?

तू शीक बाई. आईबापानं शाळंत घातलंय तर शीक, थांबू नगंस, देव तुझं भलं करंल. नि ते बघ, कोण उतरलं गाडीतनं, हातात पातेलं. बघ, बघ. चप्पल काढली त्यानं. आता त्या एका पायावर डोकं ठेवणार.