दादानं बसवलेले बुश

आमच्या दादाच्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं कौतुक तुम्ही ऐकलंच असेल. आता खरं ऐका. तिच्या सस्पेन्शनचे रबरी बुश, म्हणजे सांध्यांत धक्के झेलणारी रबरं, झिजले होते. यानं नवे बुश घरीच बसवले आणि गाडी जॅकवर असतानाच सगळे बोल्ट आवळून टाकले.

मी भीत भीत म्हटलं, "दादा, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, आधी गाडी खाली उतरवायची. चाकांवर वजन आलं की मंग आवळायचं, न्हाईतर रबर पिळून फाटतं."

"तू एमए मराठी ना? मंग गप बस."

दुसऱ्या दिवशी माझी मुलाखत. मला सोडायचं ते याच गाडीतून, हा साहेबांचा हट्ट. जुन्या जालन्यातल्या पहिल्याच गतिरोधकावर खालून कडाड आवाज आला. मी किंचाळले. दादानं खाली वाकून फाटलेलं रबर पाहिलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "ही वरडली, मी दचकून ब्रेक मारला, म्हणून फाटलं."

मी ऑटोनं कशीबशी वेळेत पोचले. संध्याकाळी दादाचीच कहाणी खरी मानून आई म्हणाली, "हिला त्या गाडीत बिलकुल बसवू नको रे."

मी खालमानेनं गुन्हा कबूल केला. एवढ्या स्वस्तात त्या गाडीतून झालेली सुटका कोण सोडतं?