रुखवतातला रताळ्याचा नवरदेव

द्वारका चौकात सिन्नरच्या गाडीची वाट बघत उभी होते. शेजारी नणंद-भावजय. भावजयीच्या हातात प्लास्टिकचा डबा, आणि नणंदेनं त्याचं झाकण उघडलेलं.

"वहिनी, हा नवरदेव रताळ्याचा ना?"

"हो. नवरी गाजराची. वृषालीनंच कोरलेत दोघं, स्वतःच्या रुखवतासाठी."

"आत्ताच कोरले? लग्न पुढच्या रविवारी आहे. सुकतील की."

"सुकवलेलेच आहेत, वन्सं. मिठाच्या पाण्यात ठेवले, सावलीत वाळवले आणि वरून वॉर्निश मारलं. गेल्या वर्षीचे आहेत."

"गेल्या वर्षीचे? म्हणजे घोटीच्या मुलाशी ठरून मोडलं, तेव्हाचे?"

"टाकून कशाला द्यायचे? केवढी मेहनत असते."

"नवरीचं ठीक आहे, ती आपलीच. पण नवरदेव बदललाय ना!"

"रताळ्यात काय कळतंय कुणाला?"

"अहो, याला मिशी आहे! शेखररावांना कुठंय मिशी? सासरची माणसं रुखवत अगदी वाकून वाकून बघतात. स्थळ मी आणलंय, उद्या मला विचारतील."

"म्हणून तर मी ती काढून टाकली होती. काळ्या दोऱ्याची होती, नखानं निघाली."

"मग ही कुठली?"

"आज सकाळी डबा उघडला तर होती."

"वृषालीनं चिकटवली?"

"घरात दुसरं कोण आहे?"

"द्या इकडे. मी काढते."

"नाही निघायची, वन्सं. या वेळी तिनं मिशीवरूनही वॉर्निश मारलंय."